बाळासाठी हलत्या भागांचं बोर्ड बुक घरी कसं बांधायचं

बोर्ड बुक, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या पानांचं पुस्तक, फाटतं ते बहुतेक वेळा एकाच जागी: झडप, म्हणजे उचलली की खालचं चित्र दाखवणारा तुकडा, जिथे पानाला चिकटवलेली असते तिथे. दहा महिन्यांचं मूल झडप उघडत नाही, ओढतं. त्यात लॅमिनेशन केलेल्या पानावर पांढरा गोंद धरत नाही, सुकल्यावर सालीसारखा निघून येतो. म्हणून घरी पुस्तक बांधताना एक गोष्ट पक्की धरायची. जे काही हलतं त्याचं मूळ पानाच्या पोटात, म्हणजे छापील कागद आणि आतला पुठ्ठा यांच्या मध्ये गेलं पाहिजे. वरून काहीही डकवायचं नाही. झडप, सरकपट्टी (ओढली-ढकलली की चित्र बदलणारी पट्टी), कापडाचा तुकडा, आरसा, सगळ्यांना हाच नियम.

खाली दिलेली मापं १४ सेंमी रुंद आणि १३ सेंमी उंच पानाची आहेत. सहा पुठ्ठे, त्यांच्या मध्ये पाच जोडपानं (समोरासमोरची दोन पानं छापून मधोमध घडी घातलेला कागद) आणि बाहेरून एक वेष्टन. असं पुस्तक साधारण पावणेदोनशे ग्रॅमचं होतं आणि वर्षाच्या मुलाला दोन हातांत पेलतं. यापेक्षा मोठं केलं तर ते पायावर पडतं.

वय आधी ठरवा

पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाला २० ते ३० सेंमीवरचं नीट दिसतं आणि काळ्या-पांढऱ्या ठळक आकारांवर नजर ठरते. त्या वयात हलते भाग वाया जातात. चार ठळक चित्रांची उभी राहणारी घडी पुरे. सहा महिन्यांनंतर सगळं तोंडात जातं, तेव्हा कापडाचे पोत आणि मोठी भोकं. लपलेली वस्तू नाहीशी होत नाही हे आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास उमगू लागतं, म्हणून झडपेची खरी गंमत तिथून पुढे. चिमटीची पकड ९ ते १२ महिन्यांत येते, तोवर झडपेला बोट घालायला मोठी खाच हवी. सरकपट्टी दीड वर्षाच्या आधी देऊ नका, मूल ती खेचून चावतं. दोन वर्षांच्या आसपास मूल एक-एक पान सुटं उलटू लागतं. त्याआधी दोन-तीन पानं एकदम उलटणार हे गृहीत धरून गोष्ट सलग ठेवू नका. प्रत्येक जोडपान स्वतंत्र असू द्या.

चित्रं कशाची?

बाळाच्या रोजच्या नजरेतली. नाशिकच्या घरात यासाठी लांब जावं लागत नाही: द्राक्षाचा घड, कांदा, रिक्षा, लाल एसटी, रामकुंडावरची कबुतरं. कांद्याला तर एकावर एक दोन झडपा शोभतात: वर साल, तिच्याखाली पांढरा कांदा, त्याखाली कापलेली चकती. कसारा घाटाच्या बोगद्यातून बाहेर येणारी पंचवटी एक्सप्रेस आडव्या सरकपट्टीला आयती आहे. आणि उभ्या सरकपट्टीला गोदापात्रातला दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या कमरेशी आलं, छातीशी आलं, गळ्याशी आलं, यावरून गोदेचा पूर मोजणारं हे शहर. तेच पानावर आणायचं.

मजकूर दर पानाला तीन ते सहा शब्द, त्यात एक नादाचा: झुकझुक, टपटप, डुबुक. वाचणारे आई-आजी असतात, तरी अक्षर २८ पॉइंटपेक्षा लहान नको, कारण पुस्तक मुलाच्या मांडीवर आणि वाचणाऱ्याचे डोळे लांब असतात.

सामान

पुठ्ठा: १.५ मिमी जाडीचा ग्रे बोर्ड, १३.८ × १३ सेंमीचे पाच तुकडे. सहावं पान सरकपट्टीचं. त्यासाठी त्याच मापाचा १ मिमीचा एक तुकडा. सरकपट्टी नको असेल तर सहाही १.५ मिमीचेच घ्या. नाशिकला रविवार कारंजा, मेन रोड, शालिमार या भागातल्या कागद-स्टेशनरीच्या दुकानांत पुठ्ठ्याचे मोठे शीट मागा. पण कापून मात्र वह्या बांधणाऱ्याकडून किंवा लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून त्यांच्या कटिंग मशीनवर घ्या. हातातल्या कटरने सहा पुठ्ठे तंतोतंत सारखे होत नाहीत आणि अर्धा मिमीचा फरकही बांधल्यावर कडेला पायरी होऊन दिसतो.

छपाईसाठी २५० जीएसएमचा (एका चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा) आर्ट कार्ड, डिजिटल प्रेसवर. घरच्या इंकजेटची शाई लाळेने पसरते. डिजिटल प्रेसच्या टोनरची, म्हणजे पावडरसारख्या शाईची, छपाई उष्णतेने कागदावर बसलेली असते, ती पसरत नाही. वरून थर्मल लॅमिनेशन, फक्त छापील बाजूला. मागची बाजू कोरी हवी, गोंद तिथेच धरणार आहे.

पांढरा गोंद घ्या, डब्यावर बिनविषारी असं लिहिलेला. पातळ करायचा तर दहा भाग गोंदाला एक भाग पाणी, जास्त नाही. वासाचे सॉल्व्हंटवाले गोंद आणि स्प्रे गोंद बाळाच्या पुस्तकाला नकोत. बाइंडरची तयार खळही घेऊ नका: कसर लागू नये म्हणून तिच्यात पूर्वापार मोरचूद घालतात आणि मोरचूद विषारी आहे. पुठ्ठे कापून आणले की 'मीच चिकटवून देतो' असं कोणी म्हणालं तर आधी खळीचं विचारा.

याशिवाय बायंडिंगचं कापड किंवा घट्ट विणीचं सुती कापड, १८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, पोलादी पट्टी, नवं पातं घातलेला कटर, बटर पेपर, आइस्क्रीमची लाकडी काडी, पांढरी मेणबत्ती.

छपाईच्या दुकानात

डिजिटल प्रेसचं १२ × १८ इंचाचं शीट म्हणजे साधारण ३०.५ × ४५.७ सेंमी. एक जोडपान २८ × १३ सेंमी. २८ सेंमीची बाजू शीटच्या रुंदीत टाकली की एका शीटवर तीन जोडपानं बसतात. पाच जोडपानांची दोन शीटं, वेष्टन शेवटी वेगळं. झडपा आणि सरकपट्टीसाठी तिसरं.

कागदाच्या तंतूंची दिशा तपासा. शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. जिकडे सहज वाकतं त्या घडीला समांतर तंतू. ते पुस्तकाच्या कण्याला समांतर, म्हणजे उभे हवेत. आडवे असतील तर गोंद लागताच पान वरून-खालून गुंडाळी धरतं आणि घडीवर लॅमिनेशन तडकतं. दुकानातलं शीट उलट्या तंतूचं निघालं तर मांडणी फिरवा, तीनऐवजी दोनच जोडपानं बसली तरी चालतील. पुठ्ठ्याचे तुकडे कापतानाही हीच दिशा सांगा.

मराठी मजकुराचा घोळ इथेच होतो. दुकानातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की रफार भलत्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीऐवजी नंतर पडते, जोडाक्षरं फुटतात. घरूनच फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ न्या, किंवा अक्षरांचे आउटलाइन करून न्या, आणि एक शीट छापल्यावर तिथेच उभं राहून मोठ्याने वाचा. लॅमिनेशन झाल्यावर सापडलेली चूक सुधारता येत नाही.

जोडपानाच्या मधोमध आणि वेष्टनाच्या कण्याच्या दोन्ही कडांना क्रीज, म्हणजे मशीनने दाबलेली घडीची रेघ, मारून घ्यायला विसरू नका. हाताने मोडलेल्या जाड कार्डाची घडी पांढरी पडते. वेष्टनाच्या कण्याची जाडी मात्र आधी ठरवू नका. आतला गठ्ठा दाबून सुकल्यावर मोजायची. साधारण १३ मिमी येते, पण गोंद आणि कापड किती बसलं त्यावर फरक पडतो. म्हणून वेष्टनाची छपाई आणि क्रीज सर्वांत शेवटी.

एकाच बाजूला लॅमिनेशन झालेलं शीट दमट हवेत छापील बाजूकडे वळतं, कारण कोरी बाजू ओल ओढून फुगते. आणल्या दिवसापासून ते वजनाखाली ठेवा.

झडप

झडप ५ × ६ सेंमीपेक्षा लहान नको. कार्डाचे दोन सारखे तुकडे पाठीला पाठ लावून चिकटवायचे आणि त्यांच्या मध्ये कापडाची पट्टी धरायची: रुंदी ५ सेंमी, लांबी साडेतीन. पट्टीचा दीड सेंमी झडपेच्या आत, ३ मिमी मोकळी बिजागरी म्हणून, उरलेली जीभ बाहेर. जोडपानावर ५.२ सेंमीची चीर पाडा, चिरेच्या दोन्ही टोकांना २ मिमीचं गोल भोक पाडा म्हणजे ती पुढे फाटत नाही. जीभ चिरेतून मागे घाला, गोंद लावून कागदाच्या कोऱ्या बाजूला पसरवा. नंतर तिच्यावर पुठ्ठा येणार आणि ती कायमची दाबली जाणार.

बिजागरी वरच्या बाजूला किंवा कण्याच्या बाजूला ठेवा. बाहेरच्या कडेला ठेवली तर मूल पान समजून झडप उलटं खेचतं. चीर कण्याच्या घडीपासून निदान २ सेंमी दूर असू द्या. झडपेच्या मोकळ्या कडेशी पानावर फिकट रंगाचा अर्धगोल छापण्यापेक्षा झडपेलाच २ सेंमीची खाच कापणं बरं. बोट जातं ते खाचेत.

एका पुस्तकात चार झडपा पुरे, आणि लागोपाठच्या पानांवर त्या एकाच जागी आणू नका. तसं केलं की पुस्तकाची बाहेरची कड कण्यापेक्षा फुगते, मिटत नाही आणि उघडं राहिलेलं पुस्तक पहिल्यांदा चघळलं जातं.

कापडाची खिडकी

पानाला ५ सेंमीची खिडकी कापून मागून ७ सेंमीचं कापड लावायचं. चारी बाजूंनी एक-एक सेंमी कापड कागदाखाली दबतं आणि धागा सुटायला कड उरत नाही. हा प्रकार सर्वांत सोपा आणि सर्वांत टिकाऊ. खादी, कॉर्डरॉय, धुतलेलं तरट, फेल्ट चालतं. टॉवेलसारखं जाड कापड असेल तर त्या पानाचा पुठ्ठा पाऊण ते एक मिमीच्या दोन थरांचा करा आणि वरच्या थरात कापडापुरता चौकोन कापा, नाहीतर पान मधून टेकडीसारखं वर येतं. येवल्याच्या पैठणीचा तुकडा घरात असतो आणि मोह होतो. रेशमी अंग घ्या, जरीचा काठ नको. जरीचा धागा तुटला की तार हिरडीला टोचते. स्वस्त मखमलीचे रोम सुटतात. ओल्या बोटाने दहा वेळा घासून बघा, बोटाला काही लागलं तर ती बाद.

आरसा हवा असेल तर चकचकीत प्लास्टिक शीट याच पद्धतीने खिडकीमागे. काच कधीच नाही.

डोकावायचं भोक करायचं असेल तर २ ते ३ सेंमी. पाच ते बारा मिमीच्या भोकात बाळाचं बोट अडकतं, ते माप टाळा. दोन्ही कागद आणि पुठ्ठा एकाच साच्याने वेगवेगळे कापा, पुठ्ठ्याचं भोक १ मिमी मोठं ठेवा. चिकटवल्यावर पॉलिश पेपर फिरवला की कड सफाईने मिळते.

सरकपट्टी: पूर चढणारा मारुती

इथे बहुतेकांची फसगत होते, म्हणून मापं नीट घ्या. हे पान शेवटच्या, सहाव्या पुठ्ठ्यावर करा.

१ मिमीच्या तुकड्यावर कार्डाचे दोन थर चिकटवून केलेली चौकट बसते; दोन थर मिळून साधारण ०.६ मिमी, तेवढीच पट्टीला हलायला जागा. पानाच्या खालच्या कडेपासून मोजा. चौकटीत ३ सेंमीपासून ११ सेंमीपर्यंत ६.२ सेंमी रुंदीची मोकळी जागा, आणि तिच्याखाली कडेपर्यंत २.७ सेंमी रुंदीची वाट. पुठ्ठ्याला आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या कागदांना खालच्या कडेला मधोमध ४ सेंमी रुंद, दीड सेंमी खोल खाच. पट्टी म्हणजे ६ सेंमी रुंद, ४ सेंमी उंच निळं पाणी आणि त्याला खाली २.५ सेंमी रुंद, ६.७ सेंमी लांब शेपूट; दोन्ही मिळून एकाच कार्डातून कापलेले. पाण्याची वरची कड मधोमध ७ मिमी खोल लाटेसारखी कापा, म्हणजे पूर कितीही चढला तरी मारुतीचं डोकं वर राहतं.

छापील पानाला ७ ते ११ सेंमीच्या उंचीवर ४ × ४ सेंमीची खिडकी. मारुतीचं चित्र आत पुठ्ठ्यावर, बरोबर त्या खिडकीमागे. पट्टी चित्र आणि पान यांच्या मध्ये फिरते. शेपूट आत ढकललं की पाणी चढतं, ओढलं की ओसरतं. पाण्याचे खांदे चौकटीला वर आणि खाली दोन्हीकडे अडतात, त्यामुळे पट्टी निघून येत नाही.

पट्टीच्या दोन्ही अंगांना मेणबत्ती घासा. चौकटीला गोंद लावताना वाटेच्या कडेपासून ३ मिमी जागा कोरडी सोडा. दाबल्यावर गोंद आत पसरतो, आणि पट्टी अडकते ती नव्वद टक्के याच कारणाने. मुलगा किंवा मुलगी पट्टी मुडपून टाकत असेल तर कार्ड पातळ आहे. ३०० जीएसएमचं घ्या, मात्र दोन थर करून चालणार नाही, जागा उरत नाही. पितळी पिनेवर फिरणारी चकती मात्र विसरून जा. पिनेचे पाय उघडतात, डोकं निघतं आणि तोंडात जातं.

चिकटवणं

हलते भाग सगळे बसले, चार तास सुकले, मग बांधणी.

पहिलं जोडपान छापील बाजू आत घेऊन मिटवा. त्याच्या डाव्या अर्ध्याच्या मागे पहिला पुठ्ठा लावा, बाहेरच्या तिन्ही कडांना बरोबर जुळवून. कण्याच्या घडीकडे २ मिमी जागा आपोआप उरते, ती उरलीच पाहिजे. पुठ्ठा घडीला भिडला तर पुस्तक उघडताना कागद ताणून फाटतो. मग उजव्या अर्ध्याच्या मागे दुसरा पुठ्ठा. दुसऱ्या पुठ्ठ्याच्या मोकळ्या बाजूवर दुसऱ्या जोडपानाचा डावा अर्धा. असंच पुढे सहाव्यापर्यंत.

गोंद नेहमी पुठ्ठ्याला लावा, कागदाला नाही. कागद ओला झाला की पसरतो आणि सुकताना पुठ्ठ्याला वाकवतो. थर पातळ, ब्रश कडेकडे ओढत. काडीने मधून बाहेर दाबत हवा काढा. प्रत्येक जोडपानात बटर पेपर. वरून सपाट पाट आणि दहा-बारा किलो वजन. गव्हाच्या पिठाचा डबा छान बसतो. उन्हाळ्यात बारा तास, जून ते सप्टेंबरमध्ये दोन दिवस. घाईने उन्हात ठेवू नका, वरचा थर आधी सुकून पान होडीसारखं वळतं, आणि ते वळण पुन्हा जात नाही. पहिला आणि सहावा पुठ्ठा वेष्टन लागेपर्यंत थोडे आत वळलेले दिसतील; बाहेरून कागद बसला की सरळ होतात.

गठ्ठ्याच्या कण्यावर कापडाची पट्टी, दोन्ही बाजूंच्या पुठ्ठ्यांवर दीड सेंमी येईल अशी. मग वेष्टन. वेष्टनाचा कणा चिकटवायचा नाही, फक्त दोन बाजू. नाहीतर पुस्तक सपाट उघडत नाही.

कोपरे दहा रुपयांच्या नाण्याभोवती रेघ मारून गोल करा. आधी १८० मग २२० ने घासा. मग तिन्ही उघड्या कडांना पातळ गोंदाचे दोन हात द्या, मध्ये तासाभराचा खंड. कड उघडी राहिली तर लाळेने पुठ्ठ्याचे थर सुटतात आणि मूल लगद्याचा तुकडा तोडतं.

हातात देण्याआधी

आतून ३.२ सेंमी व्यासाची कागदी नळी करा. पुस्तकातला कोणताही सुटू शकणारा भाग तिच्यात पूर्ण मावत असेल तर तो तीन वर्षांखालच्या मुलाला धोक्याचा. खेळण्यांच्या मानकांतलं ३१.७ मिमीचं माप यासाठीच आहे. बटणं, टिकल्या, हलणारे डोळे, मणी, चमकी, थर्मोकोल, चुंबक यांतलं काहीही नको. दोन चुंबकं गिळली गेली तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून चिकटतात. आवाजाचं पुस्तक बनवायचा विचार असेल तर तोही सोडा: त्यातला चपटा बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत जाळतो. विकतचं आवाजाचं पुस्तक घेताना सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे ना, ते पाहा.

प्रत्येक झडपेला चिमटा लावून दोन लिटरची भरलेली बाटली दहा आकडे मोजेपर्यंत लटकवा. जीभ सरकली किंवा चीर वाढली तर ते पान पुन्हा करा. कापडाच्या खिडकीत नखाने कड उचकटून बघा. मग पुस्तक दोन दिवस उघडं ठेवा, गोंदाचा वास पूर्ण जाऊ द्या.

वापरात

पुसायचं तर साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने, लगेच कोरड्याने. पावसाळ्यात पट्टी जड चालायला लागली तर ओढू नका. पुस्तक पंख्याखाली उघडं ठेवा, शेपटावर पुन्हा मेण घासा. कपाटात पुस्तकाशेजारी डांबरगोळ्या ठेवू नका. नॅप्थलीन बाळाला घातक आहे आणि त्याचा वास पुठ्ठ्यात मुरतो. सुकवलेला कडुलिंबाचा पाला कापडी पिशवीत बांधून, मुलाच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

आठवड्यातून एकदा कोपरे, कडा आणि झडपा हाताने तपासा. लॅमिनेशनची कड सुटली असेल तर सुटलेला भाग कापून कड पुन्हा गोंदाने बंद करा. बिजागरीचं कापड विरलं तर वरून टेप लावू नका, टेपही तोंडात जाते. झडप चिरेलगत कापून टाका, जीभ आत राहू द्या, चीर गोंदाने भरा. खालचं चित्र आता उघडं दिसेल. बाकीचं पुस्तक चालू राहतं.